दुचाकी अपघातातील जीवरक्षण : संरक्षक साधनांचे शास्त्रीय मूल्य

प्रस्तावना :

दुचाकी हे आज सर्वसामान्य भारतीय कुटुंबाचे प्रमुख वाहन आहे. मोटारीत बसलेल्या व्यक्तीभोवती पोलादी सांगाडा असतो. दुचाकीस्वाराला मात्र असे कोणतेही कवच नसते. अपघातप्रसंगी त्याचे शरीर आणि रस्ता यांच्यामध्ये जे असते ते केवळ त्याच्या अंगावरील वस्त्रांचे व साधनांचे आवरण होय. केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ७४,८९७ व्यक्ती दुचाकीवरील होत्या. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ इतकी होती व त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले सहप्रवासी होते. हे सर्वच जीव हेल्मेटमुळे वाचले असते असे म्हणता येणार नाही. तथापि त्यांतील कितीतरी मृत्यू टाळता येण्याजोगे होते, असे उपलब्ध संशोधन दर्शविते. प्रस्तुत लेखात संरक्षक साधनांचा इतिहास, त्यांचे कार्य व त्यांच्या मर्यादा यांचा आढावा घेतला आहे.

१) संशोधनाचा प्रारंभ :

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात टी. ई. लॉरेन्स यांच्या मोटारसायकलला अपघात झाला. पहिल्या महायुद्धातील अरबस्तानातील कामगिरीमुळे ते जगप्रसिद्ध झाले होते. सायकलवरील दोन मुलांना वाचविण्याच्या प्रयत्नात ते वाहनावरून फेकले गेले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी, १९ मे रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यचिकित्सक होते. पुढे केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या मस्तकाघातांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व सहप्रवासी रस्त्यावर मरण पावल्याचे त्यांनी नोंदविले. हेल्मेट घातलेले अवघे सात जखमी त्यांना अभ्यासासाठी मिळाले. त्या सातांपैकी कोणाचीही मस्तकाची दुखापत प्राणघातक ठरली नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने कर्तव्यावरील मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. नागरिकांसाठी मात्र ब्रिटनमध्ये ही सक्ती १ जून १९७३ रोजी लागू झाली. केर्न्स यांचे निधन त्यापूर्वीच, १९५२ मध्ये, झाले होते.

२) हेल्मेटचे कार्य :

हेल्मेटचे कठीण बाह्य कवच टोकदार वस्तूला अडविते व आघात विस्तृत भागावर पसरविते. परंतु खरे संरक्षण आतील थर्माकोलसारख्या थरामुळे लाभते. हा थर दबताना डोके थांबण्यास लागणारे अंतर वाढते. साध्या गणिताने हे स्पष्ट होते. वाहन उभे असतानाही सुमारे १.६ मीटर उंचीवरून डोके जमिनीवर आदळले, तर त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग दोन मिलिमीटरमध्ये शून्यावर आल्यास मस्तकावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ८०० पट मंदन होते. तोच अडीच सेंटिमीटरमध्ये शून्यावर आल्यास ते सुमारे ६५ पटीपर्यंत उतरते. एकदा दबलेला थर पूर्ववत होत नाही. म्हणून जोराचा आघात सोसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलणे आवश्यक ठरते. हनुवटीखालील पट्टा न बांधल्यास पहिल्याच धक्क्यात ते निसटून पडते.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात ६१ अभ्यासांचे विश्लेषण करण्यात आले. त्यानुसार हेल्मेटमुळे अपघातग्रस्त स्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी व मस्तकाच्या दुखापतीची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी घटते.

३) शरीराच्या अन्य भागांचे संरक्षण :

ताशी ५० किलोमीटर वेगाने पडलेला स्वार थांबेपर्यंत डांबरी रस्त्यावर साधारणतः दोन सेकंद घसरत जातो. एवढ्या अवधीत सुती कापड फाटून त्वचा सोलली जाते. जाड चामडे किंवा खास विणीचे मजबूत कापड हे घर्षण स्वतःवर घेते. खांदा, कोपर व गुडघा येथील गाद्या आघात शोषून घेतात. पडताना मनुष्य स्वभावतःच हात पुढे टेकतो, म्हणून हातमोज्यांचे महत्त्व विशेष आहे.

ऑस्ट्रेलियात २१२ अपघातग्रस्त स्वारांचा अभ्यास करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मोटारसायकलसाठी बनविलेले हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता ५९ टक्क्यांनी, तशी विजार घातलेल्यांत ५१ टक्क्यांनी व जाकीट घातलेल्यांत २१ टक्क्यांनी कमी आढळली. घोटा झाकणाऱ्या साध्या बुटांमुळेही पायाच्या दुखापती कमी झाल्या होत्या.

४) मर्यादा :

संरक्षक साधने अपघात टाळत नाहीत. ती त्याचे परिणाम सौम्य करतात. वरील अभ्यासात गाद्यांचा वापर आणि अस्थिभंगाचे प्रमाण यांत संबंध आढळला नाही. शिवाय अपघातात सुमारे ३० टक्के जाकिटे व २६ टक्के हातमोजे फाटून निकामी ठरले. म्हणजेच दिखाऊ वस्त्र आणि प्रमाणित वस्त्र यांत भेद करणे अगत्याचे आहे.

५) भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ अन्वये हेल्मेट बंधनकारक आहे. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह नसलेल्या हेल्मेटच्या निर्मितीस व विक्रीस मनाई आहे. असे असूनही समाजात हेल्मेटविषयी अनास्था दिसते. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चाही निघाला होता. शहरात वेग कमी असतो, हेल्मेटमुळे ऐकू येत नाही, असे आक्षेप घेतले जातात. प्रा. हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघातांची घटनास्थळी पाहणी करून १९८१ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात दोन्ही आक्षेपांचे उत्तर सापडते. धडकेच्या क्षणीचा मध्यक वेग ताशी केवळ ३५ किलोमीटरच्या आसपास होता, आणि हेल्मेटमुळे ऐकण्यात वा पाहण्यात अडथळा येऊन अपघात घडल्याचे एकही उदाहरण आढळले नाही.

उकाड्याचा आक्षेप मात्र खरा आहे. आपल्या हवामानात जाड चामड्याचा आग्रह व्यवहार्य नाही. तेथे हवा खेळती राहील असे जाळीदार पण मजबूत कापडाचे जाकीट, हातमोजे व घोट्यापर्यंतचे बूट हा सुवर्णमध्य ठरू शकतो. पाठीमागे बसणारी स्त्री व मूल यांच्या डोक्याला मात्र हेल्मेटवाचून पर्याय नाही.

समारोप :

संरक्षक साधनाचे यश सहसा दृष्टीस पडत नाही. मृतांची नोंद शासनदरबारी होते. हेल्मेट झटकून घरी परतलेल्यांची गणना कोठेच होत नाही. यामुळेच या साधनांचे मूल्य अनुभवाने पटण्याची वाट न पाहता ते अभ्यासाने समजून घेणे हितावह आहे. दंडाच्या भीतीने डोक्यावर ठेवलेले, पट्टा न बांधलेले हेल्मेट कायद्याचे समाधान करीत नाही व जीवही वाचवीत नाही. योग्य मापाचे, प्रमाणित व नीट बांधलेले हेल्मेट चालक व सहप्रवासी या दोघांनीही वापरावे आणि त्याला हातमोजे व बूट यांची जोड द्यावी, हाच या विवेचनाचा निष्कर्ष होय.