युक्रेनियन ही रशियनची बोली नाही

फेब्रुवारी 2022 पासून मराठी वृत्तपत्रांत दोन नावं सतत शेजारी शेजारी छापली जात आहेत : व्लादिमिर पुतिन आणि व्होलोदिमिर झेलेन्स्की. ही नावं मुळात एकच आहेत. इसवी सन 988 मध्ये किइव्हच्या ज्या राजाने आपल्या प्रजेला ख्रिस्ती धर्मात आणलं, त्याचं हे नाव. पहिलं रशियन रूप, दुसरं युक्रेनियन. ऐकणाऱ्याला वाटतं, मूळ नाव ‘व्लादिमिर’ असावं आणि युक्रेनियन लोकांनी ते थोडं ओढूनताणून ‘व्होलोदिमिर’ केलं असावं. वस्तुस्थिती उलटी आहे. ‘व्लाद’ हे दक्षिण स्लाव वळणाचं रूप चर्चच्या ग्रंथभाषेतून आलं, तर ‘व्होलोद’ ही पूर्व स्लाव लोकांची स्वतःची घडण.

हा एकटादुकटा अपवाद नाही. ‘गोड’ला रशियन माणूस ‘स्लाद्की’ म्हणतो, युक्रेनियन ‘सोलोद्की’. शत्रू रशियनमध्ये ‘व्राग’, युक्रेनियनमध्ये ‘व्होरोह’. अशा जोड्यांत रशियनने ग्रंथभाषेतला शब्द उचलला आणि युक्रेनियनने बोलीतला ठेवला. म्हणून ‘युक्रेनियन म्हणजे बिघडलेली रशियन’ हा सर्वांत पसरलेला समज पहिल्याच तपासणीत कोसळतो. अर्थात ‘युक्रेनियन हीच खरी जुनी भाषा, रशियन नंतरची’ हा अलीकडे ऐकू येणारा दावाही तितकाच पोकळ आहे. किइव्हच्या जुन्या राज्यात ज्या पूर्व स्लाव बोली बोलल्या जात, त्यांतून रशियन, युक्रेनियन आणि बेलारूसी अशा तिन्ही भाषा आल्या. 1240 मध्ये मंगोलांनी किइव्ह उद्ध्वस्त केलं. पुढे ईशान्येचा मुलूख मॉस्कोच्या अंमलाखाली एकवटला आणि पश्चिम-दक्षिणेचा मोठा भाग लिथुआनिया व पोलंडकडे गेला. कित्येक शतकं वेगवेगळ्या सत्तांखाली, वेगवेगळ्या शेजाऱ्यांसोबत काढल्यावर या भाषांचे मार्ग वेगळे झाले. त्यांतली कोणतीही भाषा दुसरीच्या पोटातून आलेली नाही.

‘लिपी एकच, म्हणजे भाषा एकच’

दोन्ही भाषा सिरिलिक लिपीत लिहितात आणि दोघींच्याही वर्णमालेत 33 अक्षरं आहेत. पण देवनागरीत लिहिल्या म्हणून मराठी आणि नेपाळी एक होत नाहीत, तसंच हे. शिवाय ती 33 अक्षरंही तीच नाहीत. उभ्या दांडीवर दोन टिंबं असलेलं ‘यि’ हे अक्षर दिसलं, तर मजकूर रशियन नाही हे नक्की समजावं. सारखी दिसणारी काही अक्षरंही वेगळी वाचली जातात.

खरी मजा उच्चारात आहे, आणि मराठी कानाला ती लगेच कळते. रशियन ज्या अक्षराचा उच्चार ‘ग’ करते, त्याच अक्षराला युक्रेनियनमध्ये आपल्या ‘ह’सारखा घोष उच्चार आहे. पाय म्हणजे रशियनमध्ये ‘नगा’, युक्रेनियनमध्ये ‘नोहा’. याच शब्दात दुसरा फरकही दिसतो. आघात नसलेला ‘ओ’ प्रमाण रशियन उच्चारात ‘अ’कडे झुकतो, युक्रेनियनमध्ये तो ‘ओ’च राहतो. दूध हा शब्द दोन्हीकडे एकाच अक्षरांनी लिहितात, पण मॉस्कोत ‘मलको’ ऐकू येतं आणि किइव्हमध्ये ‘मोलोको’. तिसरा फरक आपल्या बातम्यांत रोज भेटतो. व्यंजनाने बंद होणाऱ्या अवयवात रशियनचा ‘ओ’ टिकतो, तिथे युक्रेनियनमध्ये बहुधा ‘इ’ येतो : मांजर ‘कोत’ आणि ‘कित’, रात्र ‘नोच’ आणि ‘निच’. ल्वोव्ह आणि ल्विव्ह हा फरकही याच नियमाचा. शहरांची नावं कुणी युद्धापायी नव्याने बदललेली नाहीत, ती त्या भाषेच्या ध्वनिनियमाप्रमाणेच आहेत.

व्याकरणाचा सांगाडा मात्र दोघींचा बराच सारखा : तीन लिंगं, विभक्तींचे प्रत्यय, क्रियापदांच्या पूर्ण-अपूर्ण जोड्या. तरी युक्रेनियनने संबोधन विभक्ती जिवंत ठेवली आहे. इव्हानला हाक मारताना ‘इव्हाने’ आणि आईला हाक मारताना ‘मामो’ म्हणतात. रशियनमध्ये या विभक्तीचे ‘बोझे’ (देवा!) असे थोडे अवशेष उरले आहेत. ‘लिहीत राहीन’ हे युक्रेनियन ‘पिसातिमु’ अशा एका शब्दात सांगू शकते, रशियनला त्यासाठी ‘बुदु पिसात’ असे दोन शब्द लागतात.

‘दोघांना एकमेकांचं सगळं समजतं’

युक्रेनियन माणसाला रशियन समजते, हे बहुतांशी खरं. पण त्याचं श्रेय भाषांच्या साम्यापेक्षा इतिहासाला जास्त जातं. सोव्हिएत काळातली शाळा, सैन्य, चित्रपट, दूरदर्शन या सगळ्यांतून रशियन त्याच्या घरात पोहोचली होती. युक्रेनियन कानावर न पडलेल्या रशियन माणसाला संभाषणाचा विषय कळतो, पण तपशील निसटतात. किइव्हचे भाषाशास्त्रज्ञ कोस्त्यांतिन तिश्चेंको यांच्या मोजणीप्रमाणे युक्रेनियन आणि रशियन यांचा शब्दसंग्रह सुमारे 62 टक्के जुळतो. पोलिशशी तो 70 टक्के जुळतो, बेलारूसीशी 84 टक्के. अशी मोजणी कोणते शब्द निवडले यावर अवलंबून असते, पण बेलारूसी सर्वांत जवळची याबद्दल फारसा वाद नाही.

न जुळणाऱ्या शब्दांपेक्षा अर्धवट जुळणारे शब्द जास्त फसवतात. ‘नेदिल्या’ म्हणजे युक्रेनियनमध्ये रविवार, त्याच शब्दाचं रशियन रूप ‘निदेल्या’ म्हणजे आठवडा. ‘चास’ इथे वेळ, तिथे तास. आणि ‘व्रोद्लिव्हा’ ही युक्रेनियन स्तुती, म्हणजे सुंदर स्त्री. रशियनमधला तिचा जुळा शब्द ‘उरोद्लिवाया’ म्हणजे कुरूप!

‘रशियनमध्ये पोलिश मिसळली की युक्रेनियन’

पोलिशमधून, आणि पोलिशमार्गे जर्मनमधून, युक्रेनियनमध्ये पुष्कळ शब्द आले हे खरं. ‘धन्यवाद’साठीचा ‘द्याकुयु’ आणि छपरासाठीचा ‘दाख’ त्यांतलेच. पण उसन्या शब्दांनी भाषेचं कूळ ठरत नाही. तसं असतं तर फ्रेंच, जर्मन, डच शब्द घेणाऱ्या रशियनलाही मिश्रणच म्हणावं लागलं असतं. पोलिशमधले अनुनासिक स्वर युक्रेनियनमध्ये नाहीत, आणि शब्दाच्या उपान्त्य अवयवावर पडणारा पोलिशचा ठरावीक आघातही नाही. महिन्यांच्या नावांत रशियन लॅटिन परंपरेची आहे, तर युक्रेनियनने जुनी स्लाव नावं जपली : ऑगस्ट हा विळ्याचा ‘सेर्पेन’, नोव्हेंबर हा पानगळीचा ‘लिस्तोपाद’.

‘ही भाषा सोव्हिएत काळात घडवली गेली’

इव्हान कोत्ल्यारेव्स्की यांचं ‘एनेइदा’ 1798 मध्ये छापलं गेलं, तारास शेव्चेंको यांचं ‘कोब्झार’ 1840 मध्ये. सोव्हिएत सत्ता तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. उलट झारच्या राजवटीने 1863 मध्ये मंत्री वालुयेव यांच्या परिपत्रकाने युक्रेनियनमधली धार्मिक आणि शैक्षणिक पुस्तकं रोखली. 1876 मध्ये जर्मनीतल्या एम्स गावी मुक्कामाला असताना दुसऱ्या अलेक्झांडरने ती बंदी वाढवून नाटकांवर आणि बाहेरून येणाऱ्या पुस्तकांवरही आणली. जी भाषा अस्तित्वातच नाही असं सरकार म्हणत होतं, तिच्यावर हुकूम काढून बंदी घालावी लागली, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? त्या काळात अनेक लेखक आपली पुस्तकं ऑस्ट्रियाच्या अमलाखालच्या ल्विव्हमध्ये छापत. शेवटी 1905 मध्ये पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीनेच हे निर्बंध उठवावेत अशी बाजू मांडली.

सोव्हिएत सत्तेने 1920च्या दशकात युक्रेनियन शाळांना आणि प्रकाशनांना उत्तेजन दिलं, हे नाकारता येत नाही. पण 1933 मध्ये वारं फिरलं. नव्या शुद्धलेखनात ही भाषा रशियनच्या जवळ ओढली गेली, वर्णमालेतून ‘ग’चं स्वतंत्र अक्षरसुद्धा काढून टाकलं. ते 1990 मध्ये परत आलं. या भाषेचे खंदे पाठीराखे, शिक्षणखातं सांभाळलेले बोल्शेविक नेते मिकोला स्क्रिप्निक यांनी त्याच 1933 च्या जुलैमध्ये स्वतःला गोळी घालून घेतली.

‘रशियन बोलतो तो रशियाचा’

हा समज सर्वांत घातक, कारण त्याच्या नावाखाली माणसं मारली गेली. 2001 च्या जनगणनेत युक्रेनमधल्या 67.5 टक्के लोकांनी युक्रेनियन मातृभाषा सांगितली, 29.6 टक्के लोकांनी रशियन. पूर्वेकडच्या शहरांत रस्त्यावर रशियनच जास्त ऐकू येई. दोन्ही भाषांची सरमिसळ असलेली ‘सुर्झिक’ ही बोलीही लाखो लोकांच्या तोंडी आहे. 2022 मध्ये रशियन तोफांचा मारा सर्वांत आधी झेलणारी खारकिव्ह आणि मारिउपोल ही शहरं प्रामुख्याने रशियनभाषकच होती. युक्रेनच्या सैन्यात लढणाऱ्या कित्येकांची घरची भाषा रशियन आहे. त्यानंतर अनेकांनी ठरवून घरातही युक्रेनियन बोलायला सुरुवात केली. काहींनी दोन्ही ठेवल्या, आणि देश मात्र एकच मानला.