आरशी नक्कल आणि वगळलेले कागद



ऊस नोंद, तोडणीचा कार्यक्रम, काट्याची पावती, बिलाचा हिशेब हे सगळं एके काळी लाल कापडी बांधणीच्या वह्यांत असे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 साली प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासूनची ही रीत. संगणक नंतर आले. वारणानगर परिसरात 1998 साली सुमारे 70 गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प झाला, त्याची चर्चा देशभर झाली. पुढे 2007 च्या सुमारास तिथंच सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर काम करून पाहण्यात आलं. साधन बदललं तरी सभासदाची काळजी तीच राहते : माझी नोंद एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना गळणार तर नाही ना?

या काळजीचा एक कोपरा फार कमी लोकांना ठाऊक असतो. म्हणून त्याविषयी चार शब्द.

गट कार्यालयातला संगणक आणि मुख्य कार्यालयातला संगणक यांत रोज रात्री एकसारखी नक्कल ठेवायची असेल, तर त्यासाठी तयार प्रोग्रॅम मिळतात. विंडोजवर रोबोकॉपी आहे. दुसरा आरसिंक, तो अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ऑस्ट्रेलियात 1996 साली प्रथम लोकांपुढे आणला. साधी नक्कल फक्त नवं आणि बदललेलं पुढं नेते. आरशी नक्कल त्याहून एक पाऊल पुढं जाते. मूळ ठिकाणी जे नाही, ते ती नकलेतूनही पुसून टाकते. आरशासमोरून माणूस हलला की आरशातलाही जातो, तसंच हे. जागा वाचते, दोन्हीकडे मेळ राहतो. पण पुसण्याचा अधिकार यंत्राच्या हाती जातो, हेही ध्यानात घ्यावं.

आता खरा प्रश्न. काही गोष्टी नकलेतून वगळायच्या असतात. समजा, गट कार्यालयाच्या संगणकात आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असे कप्पे आहेत आणि मागच्या हंगामांचा एक कप्पा 'जुने' नावाचा. तो मुख्य कार्यालयात एकदा पोचलेला आहे, रोज रात्री तपासत बसण्यात वेळ जातो. म्हणून प्रोग्रॅमला सांगितलं, 'जुने' वगळ.

वगळ म्हणजे काय? आपल्या दृष्टीने, 'त्याला हात लावू नको.' पण दुसरा अर्थही निघतो : 'तो मूळ ठिकाणी नाहीच असं समज.' आणि मूळ ठिकाणी जे नाही ते पुसायचं, हा तर आरशाचा नियम! म्हणजे दुसऱ्या अर्थाने चालणाऱ्या प्रोग्रॅमने मुख्य कार्यालयातला 'जुने' कप्पा त्याच रात्री साफ केला असता. मागच्या हंगामाच्या टनेजचा किंवा कपातीचा वाद निघाला, की दाखवायला काय उरलं?

आमच्या मते पहिला अर्थच बरोबर, आणि न सांगता तोच लागू असावा. जाणत्या प्रोग्रॅमकारांनीही तसंच केलं आहे. आरसिंकला पुसण्याची आज्ञा दिली तरी वगळलेल्या गोष्टी पलीकडे सुरक्षित राहतात. त्या पुसायच्याच असतील तर 'डिलीट एक्सक्लुडेड' अशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. रोबोकॉपीही नावाने वगळलेला कप्पा पलीकडे आहे तसा ठेवते. एक गंमत मात्र होते. मूळ ठिकाणचा मोठा कप्पा काढून टाकला आणि त्यात वगळलेली एखादी फाईल पलीकडे राहिली, तर आरसिंक तो कप्पा पुसू शकत नाही, 'रिकामा नाही' अशी तक्रार करतं. ती तक्रार वाचायला हवी, पण आपल्याकडं वाचतंय कोण?

वेगळ्या आज्ञेचीही कधी गरज पडते. समजा, मुख्य कार्यालयातून गटाकडे जाणाऱ्या नकलेत सभासदांच्या बँक पासबुकांचे फोटो जात होते, आणि ते थांबवायचं ठरलं. नुसतं वगळून भागत नाही, कारण आधी गेलेले फोटो तिकडे तसेच पडून राहतात. इथं पुसायलाच हवं. म्हणून वगळण्यामागचा हेतू काय, ओझं कमी करणं की गुप्तता, हे लावणाऱ्याने आधी ठरवावं. यंत्राला हेतू कळत नाही.

नावाचाही घोळ असतो. नुसतं 'जुने' असं लिहिलं, तर त्या नावाचा कुठल्याही पातळीवरचा कप्पा वगळला जातो. खोडव्याच्या कप्प्यात चालू हंगामातल्या जुन्या खोडव्यांसाठी कुणी 'जुने' असाच कप्पा केला असेल, तर त्या नोंदी मुख्य कार्यालयात पोचणारच नाहीत. गटाचा संगणक बंद पडला की त्या सभासदांची तोडणीची पाळी अडली! आरसिंकमध्ये नावाआधी तिरकी रेघ दिली की फक्त सर्वांत वरच्या पातळीवरचा 'जुने' धरला जातो. रोबोकॉपीत पूर्ण वाट लिहिता येते. एवढ्याशा रेघेवर इतकं अवलंबून असावं हे आम्हाला पटत नाही, पण आहे ते असं आहे.

आणखी एक धोका. मूळ डिस्क जोडायची राहिली आणि तिच्या जागी रिकामा कप्पा दिसला, तर आरसा इमानदारीने पलीकडचंही रिकामं करील. वाचताना चूक आली तर आरसिंक पुसणं थांबवतं, पण रिकामा कप्पा ही त्याच्या लेखी चूक नव्हे. त्यासाठी एका वेळी अमुक इतक्याच फाईली पुसायच्या, अशी मर्यादा घालता येते. ती घालावी.

आरशी नक्कल म्हणजे जपून ठेवलेली प्रत नव्हे, हेही ओघाने आलंच. सकाळी चुकून पुसलेलं रात्री दोन्हीकडून जातं. म्हणून आठवड्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, कपाटात.

दोन्ही प्रोग्रॅमना काही न करता 'काय करशील ते नुसतं सांग' असं विचारता येतं. वगळण्याची यादी बदलली की ही रंगीत तालीम घ्यावी, आणि 'पुसणार' म्हणून येणारी नावं शेतकी खात्याच्या माणसाने डोळ्यांखालून घालावीत. संगणक चालवणाऱ्याला 'जुने' हे नुसतं नाव दिसतं, त्यात कुणाचा ऊस आहे हे शेतकी खात्यालाच ठाऊक.