एक भाकर, एक पेला आणि जालन्याचे शेषाद्री

मंडळी, हैदराबादेत आपण मराठी माणसं गणपतीत भेटतो, कोजागिरीला भेटतो, दिवाळी पहाटेला भेटतो. या भेटीगाठींत मराठी ख्रिस्ती कुटुंबं फारशी दिसत नाहीत. पण ती आहेत. विद्यानगरात आमच्याच अपार्टमेंटमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर, मूळच्या जालन्याच्या एक काकू राहतात. निवृत्त नर्स आहेत. नाताळात त्यांच्याकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळे सगळं होतं आणि डबा आमच्याकडे येतो. दिवाळीत आमचा डबा वर जातो. इतकी वर्षं हे चालू आहे, पण त्यांच्या चर्चमध्ये नेमकं काय होतं हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता आलं नसतं.

मी ख्रिस्ती नाही. उस्मानियातून बी. ई. केलं आणि गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. हा लेख कुणाला काही पटवून देण्यासाठी नाही. काकूंबरोबर एकदा त्यांच्या चर्चला गेलो, मग प्रश्न विचारत गेलो, मग वाचत गेलो, आणि वाचता वाचता आपल्याच मराठी इतिहासात येऊन पोहोचलो. ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

सुरुवात प्रभुभोजनापासून करतो. तेलुगूतही जवळजवळ हाच शब्द आहे, कॅथलिक मंडळी मिस्सा म्हणतात, इंग्रजी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांना कम्युनियन हा शब्द माहीत असतो. येशूने क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडून दिली, द्राक्षारसाचा पेला फिरवला आणि माझी आठवण म्हणून हे करत राहा असं सांगितलं. ते आजपर्यंत चालू आहे. त्या भाकरीत नेमकं काय होतं यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात शतकानुशतकं वाद झाले, त्यात मी पडत नाही. काकूंच्या चर्चमध्ये द्राक्षाचा रस असतो, दारू नाही. ही पद्धत अमेरिकेतल्या थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याची. त्याने १८६९ मध्ये द्राक्षाचा रस न आंबता टिकवण्याची युक्ती काढली, ती चर्चसाठीच.

बघायला गेलो तेव्हा मला वाटलं होतं की हा आपल्या प्रसादासारखाच प्रकार असणार. थोडा आहे, थोडा नाही. प्रसाद आपण कागदात बांधून घरी आणतो, शेजारी वाटतो. इथे सगळे रांगेने पुढे गेले आणि गुडघे टेकून तिथल्या तिथे, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून खाल्लं. काकूंच्या एका बाजूला बँकेतले मोठे साहेब होते आणि दुसऱ्या बाजूला त्याच चर्चच्या आवारात झाडू मारणारी बाई. काकू नंतर म्हणाल्या, "अरे, खरी गोष्ट तीच. कोणाच्या शेजारी बसून खातोस ते."

त्यांनीच मला करिंथकरांना लिहिलेलं पत्र वाचायला लावलं. करिंथ हे ग्रीसमधलं बंदराचं श्रीमंत शहर. तिथल्या मंडळीत पैसेवाले लवकर येऊन पोटभर जेवून-पिऊन घेत, आणि दिवसभर राबून उशिरा येणारे मजूर, गुलाम उपाशी राहत. पौलाने इ. स. ५५ च्या सुमारास त्यांना चांगलंच झापलं आहे. प्रभुभोजनाची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी लेखी हकिगत या पत्रातच आहे, शुभवर्तमानं त्यानंतर लिहिली गेली. म्हणजे हा विधी इतिहासात आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो पंगतीतल्या भेदभावावरच्या भांडणात.

आणि पंगतीचं भांडण म्हटलं की आपण मराठी माणसं लगेच कान टवकारतो. १८४३ सालचं मुंबईचं शेषाद्री प्रकरण तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण स्कॉटिश मिशनऱ्यांकडे ख्रिस्ती झाला. त्याच्या पाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपतही त्यांच्याकडे राहायला गेला. तो जेमतेम बारा वर्षांचा. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलाला त्यांच्या ताब्यात दिलं. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण मिशनऱ्यांच्या घरी तो राहिला होता, जेवला होता. एवढ्यावर त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावरून सगळी मुंबई पेटली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर शुद्धी करून घ्यावं या बाजूने उभे राहिले, सनातनी मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. त्या मुलाचा विश्वास काय आहे हा मुद्दाच नव्हता. तो कुठे जेवला हा मुद्दा होता.

श्रीपतची गोष्ट आपल्या प्रबोधनाच्या इतिहासात येते. नारायणरावांची त्या मानाने कुणी सांगत नाही, आणि ती तर थेट आपल्या निजामी मुलखाची आहे. पाळक झाल्यावर १८६० च्या दशकात ते जालन्याला आले. जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात. निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. तिथे आलेले बहुतेक लोक महार आणि मांग समाजातले. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत भाषण करून आलेला हा माणूस जन्माने ब्राह्मण, आणि दर प्रभुभोजनाला गावकुसाबाहेरून आलेल्या माणसांबरोबर एकाच भाकरीतला तुकडा खात होता. त्या काळात जालन्याच्या बाजारात याबद्दल काय बोललं जात असेल याची कल्पनाच केलेली बरी.

काकूंचं माहेर याच मंडळीतलं. काचीगुड्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या जालन्यावरूनच जातात, आणि त्या लहानपणी या लाइनीने हैदराबादेत आत्याकडे यायच्या. त्यांच्या आजीच्या तोंडी म्हणे "शेषाद्री साहेब" असायचे, जणू काल-परवा दारावरून गेले.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आपल्या घराघरांत आहे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्यांचा खरा झगडा सोवळ्याशी होता: कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाच्या चुलीवरचं खायचं. मला तरी त्या पुस्तकातलं धर्मांतर हे आधी स्वयंपाकघरात झालेलं दिसतं.

चर्चमध्ये जात नाही असं मात्र कुणी समजू नये. दक्षिणेत काही ठिकाणी वेगळ्या जागा, वेगळे पेले, वेगळी कब्रस्तानं होती आणि त्यासाठी चळवळी कराव्या लागल्या. गोऱ्या-काळ्याचा भेदही होता. डोर्नकलचे बिशप व्ही. एस. अझरया हे भारतातले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप, १९१२ मध्ये झाले. डोर्नकलही निजामाच्या राज्यातलंच. बिशप होण्याच्या दोन वर्षं आधी, १९१० मध्ये, एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही आमच्यासाठी खूप त्याग केलात, पण आम्हाला तुमची मैत्री हवी आहे. मिशनरी हिंदी सहकाऱ्यांना आपल्या टेबलावर जेवायलासुद्धा बोलावत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. पुन्हा जेवणच!

आता सेवकांकडे येतो. ख्रिस्ती मराठीत पाळकाला देवाचा सेवक म्हणतात. आपल्याला ही नम्रतेची भाषा वाटते, पण शब्दांची मुळं बघितली तर गंमत आहे. चर्चमधला 'डीकन' हा ग्रीक शब्द, अर्थ वाढपी किंवा सेवा करणारा. 'मिनिस्टर' हा लॅटिनमधला, अर्थ नोकर. (आपले मिनिस्टर हे विसरलेत, तो वेगळा विषय.) यरुशलेममधल्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी तक्रार आली, तेव्हा सात माणसं नेमली ती अन्नाची वाटणी नीट व्हावी म्हणून. आणि त्या शेवटच्या जेवणाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, जे काम घरातल्या सर्वांत खालच्या गड्याचं असायचं.

काकूंच्या चर्चमध्ये वर्षातून एका रविवारी सेवकांचा सन्मान होतो. शाल, हार, थोडी भाषणं, आपल्या मंडळात होतं तसंच. पाळक, त्यांच्या पत्नी, ऑर्गन वाजवणारे, खजिनदार अशी यादी असते. मागच्या वर्षी काकूंनी कमिटीत विचारलं की प्रभुभोजनाचे छोटे कप दर वेळी धुऊन, पुसून, मोजून ठेवणाऱ्या बाईचं नाव यादीत का नाही. कुणीतरी म्हणालं, ती पगारी आहे. काकू म्हणाल्या, "पाळकांनाही पगार असतोच की." त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही म्हणतात. शाल एक जास्त आणली गेली. पण काकूंचं तेवढ्याने समाधान झालं नाही, त्यांनी त्या बाईचा पगार किती वर्षांत वाढला नाही तेही विचारलं. बायबलमध्ये याला आधार आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राबणाऱ्या वडिलांना दुप्पट मान द्या म्हटलंय आणि लगेच पुढे मळणीच्या बैलाचं तोंड बांधू नका, मजुराला मजुरी मिळालीच पाहिजे असंही म्हटलंय. म्हणजे मान म्हणताना पैशाचाही विचार आहे.

मला हा प्रसंग फार आवडला, कारण आपल्याकडे उलटं चालतं. वॉचमनदादांना पंधरा ऑगस्टला नारळ देताना फोटो काढतो आणि दिवाळी बोनसवर सोसायटीच्या ग्रुपवर चाळीस मेसेज पडतात. घरकामाच्या मावशींना 'घरच्यासारख्या' म्हणतो, आणि कित्येक घरांत त्यांचा चहाचा कप अजूनही ओट्याच्या कोपऱ्यात वेगळा असतो. तुमच्या घरात असेल तर मुलांना तो दिसत असतो, एवढं लक्षात घ्या.

हैदराबादहून शंभरेक किलोमीटरवरचं मेदकचं चर्च आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पिकनिकला जाऊन पाहिलंय. चार्ल्स पॉस्नेट या मेथडिस्ट मिशनऱ्याने दुष्काळाच्या दिवसांत लोकांना काम आणि अन्न मिळावं म्हणून ते बांधायला घेतलं आणि १९२४ च्या नाताळात ते पूर्ण झालं. त्याच्या रंगीत काचांसमोर सेल्फी काढताना मुलांना एवढं जरूर सांगा की हे बांधकाम करणाऱ्यांनी त्यावर पोट भरलं.

राहिला भविष्यवाणीचा विषय. खरं सांगायचं तर माझ्यासारख्या माणसाला हाच सर्वांत अवघड. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात दुःख सोसणाऱ्या एका सेवकाचं वर्णन आहे: लोकांनी तुच्छ मानलेला, दुसऱ्यांच्या अपराधांसाठी घायाळ झालेला. ख्रिस्ती लोक म्हणतात हा येशू. यहुदी परंपरेत तो सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्र असा अर्थ बहुधा घेतात. मी काकूंना इंजिनीअरच्या खाक्याने विचारलं की हे नंतर घुसडलेलं नाही कशावरून? याचं उत्तर मात्र ठोस आहे. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत मातीच्या भांड्यांत चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यात यशयाची जवळजवळ अख्खी, सात मीटरहून लांब गुंडाळी आहे, आणि ती येशूच्या शंभरेक वर्षं आधीची आहे. तेव्हा मजकूर आधीचा, हे नक्की. त्याचा अर्थ तोच का, हे गुंडाळी सांगत नाही. तिथून पुढे विश्वास सुरू होतो, आणि काकू ते मोकळेपणाने मान्य करतात.

व्हॉट्सॲपवर जगाच्या अंताच्या तारखा येतात तेव्हा मात्र त्या चिडतात. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन उपदेशकाने दानीएलच्या पुस्तकावरून हिशेब केला, त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी शेतातलं पीकसुद्धा कापलं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला. पौलाने थेस्सलनीकाच्या लोकांना सांगितलंय की संदेश तुच्छ मानू नका, पण सगळ्याची पारख करा. काकूंच्या मते लोक पहिला अर्धा भाग फॉरवर्ड करतात.

मग विश्वास ठेवायचा म्हणजे करायचं काय, हे मी विचारल्यावर त्यांनी यिर्मयाची गोष्ट सांगितली. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत होता आणि त्याबद्दल कैदेतही होता. त्याच वेळी चुलतभाऊ आला आणि म्हणाला, माझं अनाथोथचं शेत विकत घे. यिर्मयाने १७ शेकेल चांदी मोजून दिली, साक्षीदारांसमोर खरेदीखत केलं, एक मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन प्रती मातीच्या भांड्यात ठेवायला लावल्या. का, तर या देशात पुन्हा घरं, शेतं, मळे विकत घेतले जातील असं देवाने त्याला सांगितलं होतं. बॅकअपसकट केलेला हा व्यवहार मला फार आवडला. १७ शेकेल म्हणजे आजच्या मापात १९०-१९५ ग्रॅम चांदी.

"मग ते शेत त्याला मिळालं का?" मी विचारलं.

"नाही रे," काकू म्हणाल्या. "त्याला लोक मिसर देशात घेऊन गेले. शेतं विकत घेतली ती मागाहून परत आलेल्यांनी." आणि चहा ठेवायला उठल्या.