मोडून पारखलेली तार

लांबी सुमारे दोन मीटर, जाडी ०.०१४ इंच, म्हणजे जेमतेम ०.३६ मिलिमीटर. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर आतून उपचार करताना वापरतात ती गाइडवायर एवढीच असते. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून शिरलेल्या कॅथेटरमधून ती मानेपर्यंत जाते, कवटीच्या तळाशी असलेली कॅरोटिड धमनीची नागमोडी वळणे ओलांडते आणि मेंदूत पोहोचते. तिच्यावरून मायक्रोकॅथेटर सरकतो. मग त्यातून धमनीचा फुगा भरणारी कॉइल जाते, किंवा लकव्याच्या रुग्णाच्या मेंदूतली गुठळी ओढून काढणारा स्टेंट. सगळ्यांच्या पुढे चालते ती मात्र तार. म्हणूनच रुग्णाच्या शरीरात जाण्याआधी तिची होणारी परीक्षा मला या साऱ्या उपचारपद्धतीचा पाया वाटते.

तारेवरून नळी सरकवण्याची युक्ती स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडली. मेंदूपर्यंत पोहोचणे मात्र वेगळेच आव्हान होते. तिथल्या धमन्यांच्या भिंती शरीरातल्या इतर धमन्यांपेक्षा पातळ असतात. त्यांना भोवतालच्या स्नायूंचा आधार नसतो, मेंदूभोवतीच्या द्रवातून त्या जातात. तारेच्या टोकाने भिंत भेदली, तर मेंदूभोवती रक्तस्राव होतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

त्यामुळे तारेकडून परस्परविरोधी गुण मागितले जातात. डॉक्टरच्या हाताची ढकल आणि पीळ पुढे पोहोचावा म्हणून मागचा भाग ताठ हवा. टोक मात्र इतके मऊ हवे, की भिंतीला टेकताच ते वाकले पाहिजे. अनेक तारांचा गाभा मागे स्टीलचा आणि पुढे नायटिनॉलचा असतो. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू वाकवला तरी पुन्हा सरळ होतो. टोकाशी प्लॅटिनमचे बारीक वेटोळे असते, कारण क्ष-किरणांच्या पडद्यावर ते ठळक दिसते. वरचा लेप ओला झाला की शेवाळासारखा निसरडा होतो.

चाचणीच्या टेबलावर यातला एकेक गुण वेगळा तपासतात. तार तुटेपर्यंत ओढतात आणि किती बलाला तुटली ते नोंदवतात. टोक पकडून ठेवून मागून पीळ देत राहतात आणि कितव्या फेऱ्याला ती मोडते ते मोजतात. वारंवार वाकवतात. ती गंजते का, हेही पाहतात. पिळाची चाचणी तर डोळे लावून पाहावी अशी. वळणदार नळीत तार घालून मागचे टोक हळूहळू फिरवतात. चांगल्या तारेचे टोक त्याच प्रमाणात फिरते. वाईट तारेचे टोक जागच्या जागी अडते, पीळ साठत जातो आणि मग ते एकदम उसळते. प्रत्यक्ष रुग्णाच्या धमनीत अशी उसळी किती महागात पडेल, हे निराळे सांगायला नको.

लेपाची परीक्षा त्याहून किचकट आहे. ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, धमन्यांच्या वळणांच्या प्रतिकृतीतून तार आतबाहेर करतात. मग तेच पाणी घेऊन त्यात लेपाचे किती कण आणि केवढे कण सुटले ते मोजतात. मायक्रॉनमध्ये मोजावे लागणारे हे कण धमनीच्या बारीक फांदीत अडकले, तर उपचारातूनच नवा अडथळा तयार होऊ शकतो. लेप सुटण्याच्या घटनांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१५ मध्ये इशारा दिला होता. २०१९ मध्ये त्यांनी हृदय, हातपाय आणि मेंदूच्या गाइडवायरसाठी चाचण्यांची सविस्तर मार्गदर्शिका काढली.

नव्या कल्पनाही याच वाटेने जातात. २०१९ मध्येच एमआयटीतल्या शुआनहे झाओ यांच्या गटाने चुंबकाने वळवता येणारी तार दाखवली. नायटिनॉलचा गाभा, त्यावर चुंबकीय कण मिसळलेला रबरी थर आणि सगळ्यांत वर घर्षण कमी करणारा हायड्रोजेल. एका रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून बनवलेल्या मेंदूच्या धमन्यांच्या सिलिकॉन प्रतिकृतीत, रक्ताइतक्या दाट द्रवात, बाहेरचा चुंबक हलवून त्यांनी तिला वाट काढायला लावली. कल्पना कितीही देखणी असो, ओढणे, पिळणे, वाकवणे आणि कण मोजणे तिलाही चुकत नाही. आणि सिलिकॉनची धमनी आकसत नाही, तिला रक्तस्राव होत नाही. म्हणून प्रतिकृतीतल्या यशानंतरही प्राण्यांवरचे आणि पुढे रुग्णांवरचे काळजीपूर्वक प्रयोग उरतातच.

जिथे हे उपचार होतात त्या आपल्याकडच्या कॅथलॅबसाठी यातून एक सरळ गोष्ट निघते. महागडी एकवापराची साधने धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याचा मोह आपल्याकडे जुना आहे, आणि रुग्णाच्या खिशाकडे पाहिले तर त्यामागची अडचणही खरी आहे. पण एकवापराच्या तारेचे प्रमाणपत्र कोऱ्या तारेच्या चाचणीवर मिळालेले असते. एकदा वापरलेल्या तारेने किती पीळ सोसला, तिचा लेप कुठे खरवडला, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि निर्जंतुकीकरणाने ते भरूनही येत नाही. किंमत कमी करायची तर ती चांगली तार इथे बनवून आणि तिच्या चाचण्या इथल्याच प्रयोगशाळांत करून कमी करावी. तारा टेबलावर मोडायला लागणारा पैसा हा रुग्णाच्या सुरक्षिततेवरचाच खर्च आहे, आणि तो टाळण्याचा हक्क कुणालाही नाही.