जपावी ती चालती सायकल
एके काळी सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ख्याती होती. तो काळ सरला, तरी जुन्या सायकली जिवापाड जपणारे हौशी तेथे आजही आहेत. कर्वेनगरातील विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनविलेली, दुमडता येणारी बीएसए सायकल पाहावयास मिळते.

आपापल्या सायकली एकमेकांस दाखविताना ही मंडळी किमतीपेक्षा कारागिरीकडे आधी पाहतात. सनबीमची साखळी बंद पेटीत, तेलाच्या सान्निध्यात फिरे. त्यामुळे धूळ व गंज तिला शिवत नसे.

मात्र शोभेपुरती भिंतीला टेकविलेली सायकल हळूहळू निकामी होते. टायर तडकतात, वंगण सुकते. त्यातच सुट्या भागांची चणचण. ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलासच्या साहिबाबाद येथील कारखान्यातील काम थांबले. कारखाने मिटले की जुन्या मिस्त्रींच्या हातांवरच भिस्त उरते.

म्हणून माडीवर वा वखारीत पडून असलेली आजोबांची सायकल भंगारात घालण्यापूर्वी एकदा मिस्त्रीस दाखवावी. वंगण व नवे टायर लाभले, तर कदाचित ती पुन्हा पेढीची वाट धरील.