अनियमित पाळी आणि ताटाचे अर्थशास्त्र

मुलीची पाळी दोन-तीन महिने लांबली, की मध्यमवर्गीय घरात दोन उपदेश हमखास ऐकू येतात. पहिला, 'लग्न झाले की सारे सुरळीत होईल'; दुसरा, 'भात आणि गोड बंद कर'. पहिल्याला वैद्यकशास्त्राचा काडीचाही आधार नाही. दुसऱ्यात तथ्यांश आहे. परंतु तो सांगताना सारा दोष मुलीच्या जिभेच्या माथी मारला जातो, आणि ताटात काय पडावे हे ती एकटी ठरवीत नाही, ही गोष्ट सोयिस्करपणे विसरली जाते.

शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. पाळी न येणे आणि बीजकोश मोठे होऊन त्यांत बारीक पुटिका दिसणे, ही त्या स्त्रियांतील समान लक्षणे होती. आज हा विकार 'पीसीओएस' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. नाव काहीसे फसवेच आहे; कारण या पुटिका म्हणजे गाठी नव्हेत, तर वाढ अर्ध्यावर खुंटलेली बीजे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील शंभर स्त्रियांपैकी दहा ते तेरा जणींना हा विकार असतो, आणि त्यांतील सत्तर टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचा पत्ताही नसतो.

अन्नाचा आणि पाळीचा संबंध जुळतो तो इन्शुलिनच्या द्वारे. या विकाराच्या बहुसंख्य स्त्रियांचे शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाही. साहजिकच स्वादुपिंड ते अधिकाधिक स्रवू लागते. स्नायू दाद देत नसले तरी बीजकोश मात्र देतात, आणि या वाढीव इन्शुलिनच्या चिथावणीने अँड्रोजेन हे पुरुषी संप्रेरक जास्त निर्माण करतात. त्याच वेळी, अँड्रोजेनला बांधून ठेवणारे प्रथिन यकृत कमी प्रमाणात बनवू लागते. परिणामी बीज पक्व होत नाही. बीज सुटले नाही, तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि प्रोजेस्टेरॉन नाही तर पाळी वेळेवर येत नाही. गर्भाशयाचे अस्तर मात्र साचत राहते. कधीतरी पाळी आली की अंगावरून अतोनात जाते, आणि वर्षानुवर्षे हे असेच चालले तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. 'पाळी नाही, तेवढाच त्रास वाचला' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

आहारामुळेच हा विकार होतो, असे मात्र नव्हे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. परंतु वजन अधिक असलेल्या स्त्रीने ते पाच ते दहा टक्क्यांनी कमी केले, म्हणजे सत्तर किलोंतून साडेतीन ते सात किलो, तर अनेकदा पाळी पूर्ववत येऊ लागते. त्यासाठी कोणता आहार? २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांचे उत्तर निराशाजनक वाटेल इतके साधे आहे : कोणताही एक विशिष्ट आहार इतरांहून श्रेष्ठ ठरलेला नाही. खास भुकट्या आणि महागडी बियाणी विकणाऱ्यांना हे सांगणे परवडणारे नाही, ही गोष्ट वेगळी. उलट उपाशी राहून पाळी आणू पाहणे हा तर शुद्ध आत्मघात. पुरेसे अन्न मिळेनासे झाले की मेंदूच बीजकोशांना थांबण्याचा आदेश देतो. तीन महिने पाळी आली नाही, तर थायरॉइडसारखी अन्य कारणे डॉक्टरांकडून तपासून घेतली पाहिजेत, आणि चालू असलेली औषधे आहाराच्या भरवशावर सोडता कामा नयेत.

ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, घट्ट वरण, पालेभाजी, ताक, चालत असल्यास अंडे, आणि बिनसाखरेचा चहा. यात महागडे किंवा परके काहीच नाही. भात सोडण्याची गरज नाही, तो निम्मा करून शेजारी डाळ वाढविली तरी पुष्कळ झाले. पण नेमके हेच घडत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असे आढळले. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितले होते, की तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. घरातील उपवासही या असमतोलाला हातभारच लावतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीतील शेंगदाण्याचे कूट ही त्यातली काय ती जमेची बाजू. आणि सर्वांना वाढून शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला वरणाचे पाणीच अधिक येते.

हा असमतोल केवळ सवयीचा नाही. हमीभावाने झालेली खरेदी मुख्यतः गहू-तांदळाची. साहजिकच शेतकरी त्याच पिकांकडे वळला. देशात दरडोई दररोज उपलब्ध होणारी डाळ १९६१ साली ६९ ग्रॅम होती, ती २००१ साली ३० ग्रॅमवर आली. पुढे ती काहीशी सावरली, पण जुनी पातळी गाठली नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफतही झाले. भूक भागविण्याचे हे काम थोर आहे, यात संशय नाही. पण त्या हक्कात डाळ नाही. जे फुकट मिळते ते पोटभर खायचे आणि जे विकत घ्यावे लागते ते पातळ करायचे, हा गृहिणीचा हिशेब अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर चुकीचा ठरणार नाही.

तामिळनाडूत २००७ पासून शिधादुकानांतून सवलतीच्या दराने तूरडाळ मिळू लागली. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांच्या 'आनंदाचा शिधा' संचात एक किलो चणाडाळ आली. तिच्या शेजारी एक किलो साखर, एक किलो रवा आणि एक लिटर पामतेल होते.