हीटरचा पंखा आणि त्याची वीज
मोटारीचा हीटर इंजिनातील गरम पाण्यावर चालत असला, तरी ती ऊब प्रवाशांपर्यंत पोचवणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, बॅटरीच्या १२ व्होल्ट विजेवर फिरतो. अनेक जुन्या गाड्यांत हा पंखा केवळ सर्वांत वरच्या वेगावर चालत असेल, तर दोष बहुधा रेझिस्टरमध्ये, म्हणजे प्रवाहाला अडथळा करून वेग कमी करणाऱ्या घटकात असतो. कारण वरच्या वेगाला वीज त्याला वगळून थेट मोटरकडे जाते. पंखा मुळीच फिरत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा आणि मग स्विच चालू ठेवून, प्लग जोडलेला असतानाच, मोटरच्या दोन टोकांमधील दाब मल्टिमीटरने मोजावा; तो १२ व्होल्टच्या आसपास असूनही पंखा निश्चल राहिला, तर मोटरच निकामी झालेली असते. प्लगचे प्लास्टिक तपकिरी पडून वितळलेले आणि पिना काळवंडलेल्या दिसल्या, तर केवळ रेझिस्टर बदलणे व्यर्थ ठरते, कारण सैल जोडणी किंवा जड फिरणारी, जास्त प्रवाह ओढणारी मोटर नव्या भागालाही जाळते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून अधिक अँपिअरचा फ्यूज बसवणे मात्र अक्षम्यच होय, कारण मग फ्यूजऐवजी डॅशबोर्डामागील वायरच तापून पेट घेऊ शकते.